साल्हेरचं रणांगण: ड्रोनसाठी थांबू नका

नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेरला चारदा जाऊनही फोटोत नुसता किल्लाच येतो, १६७२ च्या मराठे-मोगल लढाईची जागा दिसत नाही, म्हणून ड्रोनच्या परवानगीसाठी अर्ज टाकून थांबलोय, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. माझा अख्खा हिवाळा असाच गेला.

मी नाशिकच्या एका कार्यालयात अर्ज दिला. पोच मागितली तर "साहेब आल्यावर शिक्का मारू." दर सोमवारी अर्धी रजा टाकून जायचो, दर वेळी टेबल वेगळं. नवव्या आठवड्यात एका क्लार्कने फाइल उघडून सांगितलं, हा विषय आमच्याकडे येतच नाही. साल्हेर किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? अजून चीड येते. तोवर मार्च उजाडला, हवा धुरकट झाली. माथ्यावरून खालचं काही म्हणता काही दिसेना.

मुळात ड्रोनची गरजच नव्हती. ही लढाई तटावरची नाही, उघड्यावरची. किल्ल्याला मोगलांचा वेढा होता आणि मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर बाहेरून चालून आले. मराठा सरदार सूर्यराव काकडे इथेच पडले. १५६७ मीटरच्या माथ्यावरून वाइड लेन्सने हे सगळं चपटं होतं. वाघांबे गावाकडून खिंडीत चढा, तिथून शेजारच्या सालोटा किल्ल्यावर जा आणि ७०-२०० ची टेलिफोटो लेन्स लावा. समोर साल्हेरचा कातळ आणि पायथ्याची शेतं एका चौकटीत येतात, किल्ला आणि मैदानातलं अंतर कळतं.

माझा आवडता फोटो मात्र खालचाच आहे. जानेवारीची सकाळ, कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडलेलं, वाकून दारं धरणारी एक बाई आणि मागे तो डोंगर. माणूस आल्याशिवाय त्या जागेचा आवाका कळतच नाही, असं माझं ठाम मत आहे. इतरांचं वेगळं असेल. त्या बाईंना विचारूनच बांधावर उभा राहिलो होतो. शेतात विचारल्याशिवाय शिरू नका, वाफे तुडवले जातात.

ड्रोन हवाच असेल तर आताचे नियम स्वतः तपासा, माझा अनुभव जुना आहे. २०२५ मध्ये साल्हेर जागतिक वारसा यादीत आलाय. अर्जाची पोच शिक्क्यासकट घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि माथ्यावरच्या परशुराम मंदिरापाशी वारा भन्नाट असतो, ट्रायपॉडला सॅक टांगा.