जाड मुलांचे दात पडून जास्त तुटतात का? मुलगा पाचवीत आहे, वजन जास्त आहे

वजनाचं एवढं मनावर घेऊ नका. यावर बऱ्याच देशांत अभ्यास झालेत पण निकाल एकसारखे नाहीत, काहींत जाड मुलांचे दात जास्त तुटलेले दिसले तर काहींत फरकच नाही.

खरं बघायचं ते दात पुढं आहेत का. वरचे दात खालच्यापेक्षा ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढं असतील आणि ओठ नीट मिटत नसतील तर धोका वाढतो हे मात्र पक्कं, मग पोरगं काडीपैलवान असो नाहीतर गुबगुबीत. आणि तुटतात ते बहुतेक वरचे मधले दोनच.

आपल्या कोल्हापुरात पोरं फुटबॉलशिवाय राहत नाहीत, माझा भाचा गांधी मैदानात खेळताना कोपर लागून पुढचा अख्खा दात बाहेर आला, चिखलातच पडला होता, ताईनं मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलला, शेजारच्या टपरीवरनं गार दूध घेऊन कपात टाकला आणि तसंच रिक्षानं डेंटिस्टकडं, अर्ध्या तासात परत बसवला. पाण्यात ठेवू नका हां, मुळावरच्या पेशी मरतात, घासून धुवायचा तर अजिबातच नाही. दुधाचा दात असेल तर परत बसवत नाहीत, पण दाखवायचं मात्र लगेच.

खेळत असेल तर डेंटिस्टकडनं मापाचा माउथगार्ड (खेळताना दातांवर बसवायचं मऊ कव्हर) करून घ्या. वजनासाठी खेळ बंद करू नका, उलटंच होईल.