चार लेकरं, सात शहरं

प्रश्न : आम्ही दोघं, सासूबाई आणि चार मुलं. मुलं ११, ८ आणि ५ वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. मे महिन्यात १२ दिवस युरोपला जायचं ठरतंय. धाकट्यामुळे टूरवाल्यांनी नाक मुरडलं, म्हणून आपलं आपणच जाणार. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲम्स्टरडॅम, झुरिक, ल्युसर्न, व्हेनिस, रोम अशी यादी केलीय. जमेल का? जेवणाचं काय? सासूबाई म्हणतात, ‘माझं लोढणं कशाला? मी घरीच थांबते.’
– एक वाचक, सातारा

उत्तर : यादीतली पाच नावं आधी खोडा. पॅरिस आणि ल्युसर्न ठेवा, चार रात्री तिथे, सात रात्री इथे. रागावू नका, हे मी पोळून सांगतेय. मी, माझी जाऊ, आमचे दोघींचे नवरे आणि मिळून पाच मुलं असे आम्ही अकरा दिवसांत सहा शहरं ‘केली’. माझ्या मुलाला त्यातलं काय आठवतं? बॅगेची चेन तुटली ते.

व्हिसा जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा, म्हणजे तुमच्या बाबतीत स्वित्झर्लंडकडे. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना माफ. तुमचे ३६० युरो झाले, वर सेवाशुल्क. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज घेतात. एप्रिलची वाट बघू नका.

हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. पॅरिसच्या एका हॉटेलात आम्ही रात्री दहाला पोचलो, तर काउंटरवरच्या बाईंनी जावेच्या कडेवरच्या बाळालाही ‘एक माणूस’ धरलं आणि खोलीत एक माणूस जास्त होतो म्हणाल्या. बाळ त्यांच्याकडे बघून हसत होतं, उपयोग शून्य. बुकिंग करताना धाकट्याचंही वय लिहा.

पॅरिसची मेट्रो म्हणजे जिनेच जिने. नव्या १४ नंबरच्या लाइनवर लिफ्ट आहेत, जुन्या स्टेशनांवर क्वचितच. बाबागाडी हलकी, एका हाताने मिटणारी न्या आणि शक्य तिथे बसने फिरा. एकदा जिन्याच्या मध्यावर गाडी धरून मी धापा टाकत उभी होते. कुणीतरी न बोलता पुढची चाकं उचलली, वर ठेवली आणि वळूनही न बघता निघून गेला. तसं पुष्कळदा घडतं. लूव्र संग्रहालय १८ वर्षांखालच्यांना फुकट आहे, पण दीड तासाच्या वर मुलांना ताणू नका. त्यापेक्षा लक्झेंबर्ग बागेत न्या. तिथल्या मोठ्या हौदात सोडायला लाकडी शिडाच्या होड्या भाड्याने मिळतात. मुलं काठीने होडी ढकलतात आणि ती पलीकडे लागेपर्यंत हौदाभोवती धावत सुटतात. आमचा निम्मा दिवस तिथेच गेला.

पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलला थेट गाडी आहे, साधारण तीन तासांची. तिथून ल्युसर्न तासाभरावर. खरं सुख इथून पुढे. स्विस गाड्यांत सहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. तुम्ही दोघांनी स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे तिथल्या गाड्या-बस-बोटींचा एकत्र पास काढलात, की थोरल्या दोघांना फॅमिली कार्ड फुकट मिळतं, त्यावर त्यांचाही प्रवास फुकट. मात्र ते आईवडील बरोबर असतील तरच चालतं. नुसत्या आजीबरोबर नातवंडं पाठवलीत तर तिकीट पडेल. दुमजली इंटरसिटी गाड्यांत एक डबा मुलांचा असतो. वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी! झुरिक ते बर्न तासाभरात आमच्या पाचांपैकी एकानेही खिडकीबाहेर बघितलं नाही.

गाडी बदलताना मुलांना नंबर द्या. मी ‘मोजा!’ म्हटलं, की ज्याने त्याने आपला आकडा ओरडायचा. बाझलच्या फलाटावर ‘एक, दोन’ झालं आणि तीन येईना. तीन नंबर वीस पावलांवर चॉकलेटच्या मशीनला नाक लावून उभा होता. माझी जाऊ नंतर बाकावर बसून दहा मिनिटं रडली.

आता जेवण. साजूक तूप, पेढे, खवा घेऊन जाऊ नका. युरोपियन संघात बाहेरून सामानातून दूधदुभतं आणि मांस न्यायला बंदी आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरला ठरावीक सूट आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला न्या. तांदूळ, बटाटे, दही, लोणी तिथे मिळतं. मऊ भात, मेतकूट आणि लोणी यावर आमची पाचही मुलं तगली. रविवारी स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवा. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या कारंज्यांचं प्या. एकट्या झुरिकमध्ये १,२०० च्या वर आहेत. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तिथलं तेवढं प्यायचं नाही. थोरल्या लेकराला ते दोन शब्द शिकवा, त्याला काम मिळेल.

सासूबाईंना न्याच. चार मुलांमागे मोठी माणसं तीन, हा काही चैनीचा हिशेब नाही. त्यांना गुडघ्यांचा त्रास असेल तर ल्युसर्नच्या तळ्यातल्या बोटीत बसवा, तो प्रवास पासातच येतो.

आणि एक राहिलं. मे महिन्यात पॅरिसला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. ‘आई, अजून दिवस आहे’ म्हणून मुलं झोपत नाहीत. बॅगेत एक काळी ओढणी आणि कपड्यांचे सहा चिमटे टाका, खिडकीला लावायला.