पाळलेला हिरवा झाडबेडूक तपकिरी का पडतो?

वर्ध्याहून तुम्ही विचारलंय, की काचेच्या पेटीतला ऑस्ट्रेलियन हिरवा झाडबेडूक सकाळी तपकिरी दिसतो, दुपारी पुन्हा हिरवा, तर तो आजारी आहे का? पेटी कूलरसमोर आहे, हेही तुम्हीच लिहिलंय. उत्तर बहुतेक तिथंच आहे.

या बेडकाच्या कातडीत हिरवं रंगद्रव्य नसतंच. वर पिवळ्या पेशी, त्यांच्याखाली निळा उजेड परतवणाऱ्या स्फटिकांच्या पेशी आणि तळाशी मेलॅनिनच्या काळ्या पेशी. पिवळ्यातून निळं दिसलं की आपल्याला हिरवं वाटतं. १७९० मध्ये या जातीचं पहिलं वर्णन झालं तेव्हा नमुना दारूत ठेवून पिवळं निघून गेलेलं, म्हणून शास्त्रीय नावात बेडूक निळा राहिला तो राहिलाच.

गारवा, ओल, अंधार किंवा भीती असली की पीयूष ग्रंथीच्या संप्रेरकामुळे काळे कण पेशीभर पसरतात आणि अंग काळवंडतं. ऊब आणि उजेड मिळाला की कण मधोमध गोळा होतात, रंग उघडतो. गडद अंग ऊब जास्त शोषतं, फिकट कमी. आमच्या भंडाऱ्याकडे पावसाळ्यात न्हाणीत येणारा झाडबेडूक बघा ना : चुन्याच्या कोरड्या भिंतीवर पांढुरका, रांजणामागच्या ओलीत पार मातकट. त्याला कोणी आजारी म्हणत नाही.

तुमचा कूलर रात्रभर गार, ओला वारा थेट पेटीवर मारतो. मे महिन्यात वर्ध्याला कूलर बंद करा असं कोण सांगेल? पेटी तेवढी झोतातून बाजूला घ्या, आत थर्मामीटर लावा. दिवसा २५ ते २९ अंश पुरे, रात्री थोडं कमी चालतं. पंख्याची घरघर लागणाऱ्या टेबलावर नको, आणि रंग बघायला सारखा हातात तर अजिबात घेऊ नका.

दिवसात येणारा-जाणारा रंग आणि महिनोन् महिने उतरत जाणारा रंग यांत मात्र फरक करा. हिरवा हळूहळू निळसर, मळका होत असेल तर खाणं तपासा. पिवळ्या थरातला काही रंग कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या पिवळ्या-केशरी द्रव्यांचा असतो आणि तो बेडकाला अन्नातूनच मिळतो. नुसत्या सुकलेल्या अळ्यांवर भागत नाही. जिवंत रातकिडे द्या आणि त्यांना आदल्या दिवशी गाजर, लाल कोहळं, शेवग्याचा पाला खाऊ घाला.

दिवसभर गडदच राहिला, खाणं सोडलं किंवा पोटाखाली-मांड्यांवर लाली आली, तर कूलरला दोष देत बसू नका, पशुवैद्याकडे न्या.