ते दोन पंच कोण?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं बाड दोन रात्रींत वाचून काढलं. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारचे चार वाजून सहा मिनिटं, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही दारूगोळ्याची बोट फुटते, ते पहिलं प्रकरण तर दोनदा वाचलं. पेटत्या कापसाचे गोळे मांडवीच्या छपरांवर पडतात, अर्ध्या तासानं दुसरा स्फोट होतो, लोकांना वाटतं जपान्यांनी बॉम्ब टाकला. हे सगळं छान उतरलंय. पण दुसऱ्या प्रकरणापासून तो स्फोट मागे पडदा टांगावा तसा नुसता टांगलेला राहतो आणि तुझा फौजदार कुठल्याही सालात चालेल असा तपास करू लागतो. माझी सगळी नोकरी ठाण्यात गेली, म्हणून स्पष्ट लिहितो. लढाईचा काळ हा तपासातच दिसला पाहिजे. कागद जळतात, साक्षीदार गावी पळतात, शवागारात जागा उरत नाही. ती अडचण हीच तुझी कादंबरी आहे.

खुनी आपण मारलेल्याचं प्रेत स्फोटात मेलेल्यांमध्ये मिसळतो, ही तुझी कल्पना भक्कम आहे. ती कुणाला अशक्य वाटली, तर लंडनचं डॉबकिन प्रकरण आठव. हॅरी डॉबकिन हा आगीवर नजर ठेवणारा पहारेकरी. त्याची बायको रेचेल १९४१च्या एप्रिलमध्ये नाहीशी झाली. जुलै १९४२मध्ये बॉम्बनं पडलेल्या एका चर्चचा ढिगारा उपसताना फरशीखाली सांगाडा मिळाला. बॉम्बहल्ल्यात मेलेलं कुणीतरी, म्हणून तो सहज पुरला गेला असता. पण डॉक्टर कीथ सिम्प्सननी पाहिलं की स्वरयंत्राची कूर्चा मोडली आहे आणि तिथं रक्त साकळलं आहे. म्हणजे गळा दाबलेला. ओळख पटली दातांवरून, तिच्या दंतवैद्याच्या नोंदींमुळे. आणि प्रेतावर टाकलेला चुना कळीचा नव्हता, विरवलेला होता. प्रेत नष्ट करण्याऐवजी त्यानंच तो गळा टिकवला. जानेवारी १९४३मध्ये डॉबकिन फासावर गेला.

मलाही असं एकदा दिसलं आहे. दंगलीचे दिवस होते, शवागारात ओळीनं प्रेतं मांडलेली, आणि आम्ही झोपेविना पंचनामे उरकत होतो. एकाच्या पोटात भोसकल्याची जखम होती, पण अंगातल्या सदऱ्याला भोक नव्हतं. माझ्या हवालदारानं ते पाहिलं, मी नाही. त्या माणसाला दंगलीत कुणी मारलं नव्हतं, घरात मारून नंतर सदरा चढवला होता. तुझ्या फौजदाराला असा एखादा सदरा दे.

सोन्याच्या विटा मात्र काढून टाक. त्या बोटीवर सोनं होतं, ते शहरभर उडालं, हे खरं. पण तो मोह प्रत्येकाला होतो. त्यापेक्षा तुझ्याच नवव्या प्रकरणात रेशनकार्ड आहे, त्याकडे बघ. मुंबईत १९४३पासून रेशनिंग सुरू झालं होतं. शुक्रवारी स्फोटात मेला असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्यानं त्या खेपेचा तांदूळ उचललेलाच नाही. बंगालात माणसं भुकेनं मेली ते साल नुकतंच सरलं होतं. अशा वेळी चाळीतला कुठला जिवंत माणूस आपला तांदूळ दुकानात सोडेल? मग तो शुक्रवारच्या आधीच मेला होता का? या एका प्रश्नावर तुझा तपास उभा राहू शकतो.

आता फौजदार. तो ‘मनातून देशभक्त’ आहे, हे तू तीनदा लिहिलंस. त्यामुळे त्याची सुटका फार स्वस्तात होते. ऑगस्ट ४२मध्ये गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले, आणि पुढचे कित्येक आठवडे लाठ्या त्याच्या खात्यानंच चालवल्या. त्याच नोव्हेंबरात गिरगावात गुप्त काँग्रेस रेडिओवर धाड पडली आणि बावीस वर्षांच्या उषा मेहता पकडल्या गेल्या. दीड वर्षानंतर याच मुंबईत तुझा फौजदार चाळीचा जिना चढतो, तेव्हा वरच्या मजल्यावर दारं कशी लागतात, तो आवाज मला ऐकायचाय. म्हातारी त्याला पाणीसुद्धा विचारत नाही, आणि तरी तिच्याच जावयाच्या खुनाचा तपास त्याला करायचाय. त्याला बायको-मुलं दे, पेन्शनची काळजी दे. नोकरी का सोडत नाही, याचं उत्तर त्याला स्वतःलाही नीट देता येऊ नये.

आता शेवटच्या प्रकरणाबद्दल. आरोपी लॉकअपमध्ये ढसाढसा रडून कबुली देतो आणि कादंबरी संपते. तेव्हा लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ वाच. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात शून्य. हे तुझ्या फौजदाराला पहिल्या दिवसापासून पाठ असणार, म्हणून त्या रडण्याचा त्याला आनंद होणार नाही, घाम फुटेल. पण त्यातच कलम २७ही होतं: आरोपीनं सांगितल्यावरून वस्तू मिळाली, तर तेवढं बोलणं ग्राह्य. म्हणजे आरोपीनं कुठं काय लपवलंय ते सांगायचं, पंचांसमोर, म्हणजे पोलिसांबाहेरच्या साक्षीदारांसमोर, तिकडं घेऊन जायचं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते काढून द्यायचं.

आणि पंच हवेत दोन. प्रतिष्ठित, त्याच वस्तीतले. ज्या चाळीत पोलिसाला पाणी मिळत नाही, तिथून सरकारच्या कागदावर सही करायला कोण उतरेल? धमकावून आणलेला पंच कोर्टात उलटेल. पोलिसांचा नेहमीचा पंच आणला, तर वकील त्याला उभा चिरेल. तुझ्या फौजदाराला पुन्हा तो जिना चढावा लागेल, या वेळी हात जोडून, आणि बहुधा म्हातारीच्याच दाराशी थांबावं लागेल.

तेव्हा शेवटचं प्रकरण फाडून टाक. ते दोघं कोण आणि ते सही का करतात, एवढं आधी लिहून पाठव. बाकीचं त्यानंतर बोलू.

तुझा,
काका