मोबाइल नंबर हाच वायफायचा पासवर्ड: तपासायचं काय?

तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड म्हणजे तुमचा मोबाइल नंबर, आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: काली (सुरक्षा तपासणीसाठीची लिनक्स) टाकूनही वायफाय कार्ड मॉनिटर मोडला, म्हणजे आसपासचे सगळे वायफाय संदेश ऐकण्याच्या स्थितीत, का जात नाही, आणि डब्ल्यूपीए२ (वायफायची नेहमीची सुरक्षा पद्धत) असताना घरचं वायफाय कितपत सुरक्षित आहे.

कार्डाचं आधी. काली व्हर्च्युअल मशीनमध्ये (तुमच्या नेहमीच्या सिस्टिमच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) असेल, तर लॅपटॉपचं वायफाय त्याला साध्या वायरच्या जोडणीसारखं दिसतं. तिथे मॉनिटर मोडचा प्रश्नच येत नाही, यूएसबी अडॅप्टर हवा. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन घेणार असाल तर खोक्यावरची आवृत्ती बघा. व्ही१ मध्ये एआर९२७१ चिप आहे, ती लावली की चालते; व्ही२ पासून रिअलटेकची चिप आहे आणि ड्रायव्हरची कटकट सुरू होते. दोन्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा बँड त्यात दिसणारच नाही.

खरी गोम तुमच्या पासवर्डात आहे. कोणताही फोन वायफायला जोडला जाताना हँडशेक, म्हणजे पासवर्ड पडताळणारी देवाणघेवाण, होतो आणि तो जवळपास बसलेल्या कुणालाही टिपता येतो. त्यानंतर पासवर्डचे अंदाज घरी बसून, राउटरला पत्ता न लागू देता तपासता येतात. आपले मोबाइल नंबर १० आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. एक जुनं गेमिंगचं ग्राफिक्स कार्डसुद्धा सेकंदाला सुमारे ४ लाख अंदाज तपासतं. भागाकार करा: १०,००० सेकंद, तीन तासांच्या आत. त्यामुळे हे वेगळं फोडून बघायची गरजच नाही, पासवर्ड आजच बदला. शब्दकोशाची पानं डोळे मिटून उघडा, पाच शब्द उचला आणि रोमनमध्ये लिहा. मराठीचं रोमन स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, हा वरचा फायदा.

मग डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय. त्याचा पिन ८ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. उरतात जेमतेम ११,००० शक्यता. राउटरच्या पॅनेलमध्ये तो बंद करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. काही राउटर बटण बंद दाखवतात आणि पिन चालूच ठेवतात. कालीतलं 'वॉश' चालवा, ते डब्ल्यूपीएस चालू असलेल्या नेटवर्कची यादी देतं; त्यात तुमचं नेटवर्क अजून येत असेल तर राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून पुन्हा बघा. शेजाऱ्यांची नावंही त्या यादीत येतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे.

गेस्ट नेटवर्कची, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायची, चाचणी दोन मिनिटांची. फोन गेस्टला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. लॉगिनचं पान उघडलं, तर ते गेस्ट नावापुरतंच.

राउटरला डब्ल्यूपीए३ (डब्ल्यूपीए२ च्या पुढची पद्धत) असेल तर तोच ठेवा. डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र मोड ठेवलात, तर २ वरून जोडलेल्या फोनचा हँडशेक पूर्वीसारखाच टिपता येतो. जुना प्रिंटर ३ वर जोडला जात नसेल, तर त्याच्यासाठी अख्खं घर खाली आणू नका. गेस्ट डब्ल्यूपीए२ वर ठेवून त्याला तिथे टाका. प्रिंट काढताना लॅपटॉप तेवढ्यापुरता गेस्टला जोडावा लागेल आणि तिथलं आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) सैल करावं लागेल, किंवा सरळ यूएसबी केबल लावा.