आधी फाइल जाड कर, मग ये

तुझं लांबलचक पत्र वाचलं. म्हणणं थोडक्यात असं: सहा वर्षं पुण्या-मुंबईत स्टँडअप केलंस, आता नोकरी सोडून टूरिस्ट व्हिसावर न्यूयॉर्कला यायचं, सहा महिने ओपन माइक (कुणालाही पाच मिनिटं मिळतात असे कार्यक्रम) मारायचे आणि बातम्यांची फिरकी घेणाऱ्या एखाद्या शोमध्ये शिरायचं. जॉन ऑलिव्हर हा ब्रिटिश विनोदवीर, त्याला जमलं, मग मला का नाही? दादा म्हणून विचारलंस, तर दादासारखंच सांगतो. अशी येऊ नकोस.

ऑलिव्हर इथले ओपन माइक मारत वर चढला नाही. तो २००६ मध्ये आला तो 'द डेली शो' या बातम्यांची फिरकी घेणाऱ्या अमेरिकन शोमधलं वार्ताहराचं काम हातात घेऊन. त्याआधी केंब्रिज विद्यापीठ, एडिंबराचा कला महोत्सव, बीबीसीचा 'मॉक द वीक' हा विनोदी शो असं सगळं त्याचं मायदेशातच झालं होतं. इथे सात वर्षं काढल्यावर, २०१३ च्या उन्हाळ्यात शोचा सूत्रधार जॉन स्ट्युअर्ट सिनेमा करायला गेला तेव्हा दोन महिने ती खुर्ची याच्याकडे आली, आणि एप्रिल २०१४ मध्ये एचबीओवर स्वतःचा शो. दक्षिण आफ्रिकेचा विनोदवीर ट्रेव्हर नोआ डिसेंबर २०१४ मध्ये 'डेली शो'वर पहिल्यांदा दिसला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये सूत्रधार झाला. नऊ महिन्यांत लॉटरी लागली असं वाटतं ना? पण त्याने २०१० मध्येच मायदेशात स्वतःचा लेट नाइट शो चालवला होता.

आता व्हिसा. टूरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन कार्यक्रम करता येत नाही, आणि 'फुकट केला' म्हणूनही सुटका होईलच असं नाही. पुढच्या वेळी विमानतळावरचा अधिकारी तुझं इन्स्टाग्राम उघडून बसला तर काय सांगशील? कलाकारांसाठी असतो तो ओ-वन व्हिसा. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा, आणि अर्ज तुला स्वतःला करता येत नाही. इथला एजंट किंवा काम देणारा लागतो. पुरावे म्हणून परीक्षणं, पुरस्कार, मोठ्या कार्यक्रमांचे करार, जाणकारांची पत्रं जोडायची. म्हणजे पुण्यातल्या मराठी पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या असतील, तर ते कात्रण इथे सोन्याच्या भावाचं आहे. फक्त त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. पेपर रद्दीत घालू नकोस, काकूंनाही सांगून ठेव.

व्हिसा मिळाला की तो डोक्यावर बसतो, हेही ऐक. २००७-०८ मध्ये इथल्या टीव्ही-सिनेमाच्या लेखकांचा संप झाला तेव्हा ऑलिव्हर व्हिसावर होता. संप केला तर व्हिसाच्या अटी मोडतील, असं त्याने शोमध्येच सांगितलं होतं.

ओपन माइकचं माझं स्वतःचं सांगतो. दिवसा सॉफ्टवेअर, रात्री बारच्या तळघरात पाच मिनिटं, तीही हौस म्हणून. एका आयोजकाने पाच प्रेक्षक आणायला सांगितले. मी ऑफिसातले चार नेले, प्रत्येकाने दोन-दोन ड्रिंक्स घेतली, आणि पाचवा नाही म्हणून मला स्टेज मिळालंच नाही! ते चौघं अजून तोच जोक माझ्यावर करतात.

खरी अडचण मात्र वेगळीच. आपल्या टोलनाक्यावरचा माझा हुकमी जोक मी इथे मारला, तर समोर पंधरा माणसं आणि बर्फाच्या तुकड्यांचा आवाज. मग इथल्या पार्किंगवर लिहिलं. रस्ता झाडायला गाडी येते म्हणून ठरलेल्या दिवशी आपली गाडी दुसऱ्या बाजूला लावावी लागते. लोक स्टिअरिंगमागे बसून झाडूवाल्या गाडीची वाट बघतात. दिवाळीला मात्र या नियमाला सुट्टी. म्हटलं, 'आमच्याकडे लक्ष्मी घरात येते, इथे दंडाची पावती न येणं हीच लक्ष्मी.' हशा पिकला. पण तिथवर पोचायला मला दोन वर्षं लागली. बातमीवरचा जोक म्हटला की समोरच्याच्या पोटात ती बातमी आधीच हवी, आणि तुझ्याही.

म्हणून आतापासून लिही. या शोंमध्ये शिरायचं एक दार लेखकांच्या खोलीतून जातं, आणि तिथे 'पॅकेट' मागतात: ताज्या बातम्यांवरचे जोक आणि एखाद्या विषयाचा मोठा तुकडा. तुझे ते शेजारच्या सोसायटीचे किस्से उत्तम आहेत, पण पॅकेटात चालणार नाहीत.

टूरिस्ट व्हिसावर यायचंच असेल तर बघायला ये. 'डेली शो'च्या चित्रीकरणाची तिकिटं फुकट असतात, रांगेत उभं राहायची तयारी ठेव. राहायला न्यूयॉर्कातच, क्वीन्स भागात आमचा सोफा आहे. तोवर एक आठवडा फक्त अमेरिकन बातम्या वाच, त्यावर वीस जोक लिही आणि रविवारी तुझ्या सकाळी नऊला फोन कर. इथे शनिवारची रात्र असते, मी जागाच असतो.