नोबेलच्या आधी येणारा लास्कर

प्रश्न : नोबेल जाहीर होण्याच्या दिवसांत ‘लास्कर’ पुरस्काराचा उल्लेख हमखास वाचनात येतो आणि त्याला ‘अमेरिकेचे नोबेल’ असेही म्हटले जाते. हा पुरस्कार कोणी सुरू केला आणि तो कशासाठी दिला जातो?

उत्तर : अल्बर्ट लास्कर हे अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले बडे प्रस्थ होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी १९४२ मध्ये लास्कर प्रतिष्ठान स्थापन केले आणि १९४५ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीचे हे पुरस्कार सुरू केले. यातला विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. लकी स्ट्राइक सिगारेट अमेरिकी स्त्रियांच्या हाती देणाऱ्या गाजलेल्या जाहिरात मोहिमा अल्बर्ट यांच्याच संस्थेने चालवल्या होत्या, आणि १९५२ मध्ये त्यांचे स्वतःचे निधन मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने झाले. मेरी लास्कर १९९४ पर्यंत हयात होत्या. राष्ट्रीय आरोग्य संस्थांना सरकारने भरघोस निधी द्यावा म्हणून त्यांनी लोकप्रतिनिधींचा अक्षरशः पिच्छा पुरवला, आणि १९७१ च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्यामागेही त्यांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता. हा पुरस्कार त्या दीर्घ मोहिमेचाच एक भाग होता, असे मला वाटते. संशोधनावर खर्च केलेल्या पैशातून माणसांचे प्राण वाचतात, हे करदात्यांना आणि कायदे करणाऱ्यांना दाखवून देण्याचे ते एक साधन होते.

सध्या मूलभूत संशोधन आणि रुग्णोपयोगी संशोधन असे दोन पुरस्कार दरवर्षी दिले जातात. रुग्णोपयोगी संशोधनाच्या पुरस्काराला ख्यातनाम हृदयशल्यविशारद मायकेल डिबेकी यांचे नाव जोडलेले आहे. यांशिवाय वैद्यकशास्त्रातील आयुष्यभराच्या कामगिरीसाठी आणि सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी असे दोन पुरस्कार आलटूनपालटून दिले जातात. प्रत्येक विभागासाठी अडीच लाख डॉलर आणि मानचिन्ह म्हणून सॅमोथ्रेसच्या पंखधारी विजयदेवतेची प्रतिकृती दिली जाते.

प्रश्न : लास्कर मिळाला की पुढे नोबेल मिळतेच, हे कितपत खरे आहे?

उत्तर : ‘मिळतेच’ हे खरे नाही, पण आजवर लास्करच्या ८० हून अधिक मानकऱ्यांना नोबेलही मिळाले आहे. लास्कर सप्टेंबरमध्ये जाहीर होतो आणि नोबेल ऑक्टोबरच्या आरंभी, त्यामुळे काही वेळा दोन्ही एकाच वर्षी पदरात पडतात. हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्या बाबतीत १९६८ मध्ये असेच घडले. सहसा मात्र मध्ये काही वर्षे जातात. हिवतापावरील आर्टेमिसिनिनसाठी चीनच्या तू यूयू यांना २०११ मध्ये लास्कर आणि २०१५ मध्ये नोबेल मिळाले. जठरातील व्रणांमागे जिवाणू असतात हे दाखवणारे बॅरी मार्शल यांना १९९५ मध्ये लास्कर मिळाला, पण नोबेलसाठी त्यांना २००५ उजाडावे लागले.

या मार्गावर काही जण मागे राहतात, हेही सांगायला हवे. जनुकांच्या कार्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या सूक्ष्म आरएनए रेणूंविषयीच्या कामासाठी २००८ चा लास्कर व्हिक्टर अँब्रोस, गॅरी रव्हकुन आणि वनस्पतींवर काम करणारे डेव्हिड बॉलकोम या तिघांना विभागून मिळाला होता. याच विषयासाठीच्या २०२४ च्या नोबेलमध्ये मात्र बॉलकोम यांचे नाव नव्हते. पोलिओच्या लशीसाठी १९५६ मध्ये लास्कर मिळवणारे जोनास साल्क यांना नोबेल कधीच मिळाले नाही.

प्रश्न : मूलभूत आणि रुग्णोपयोगी ही विभागणी कृत्रिम वाटत नाही का? उदाहरणार्थ, कोविडवरील एमआरएनए लस नेमकी कोणत्या विभागात बसते?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि उदाहरणही नेमके आहे. बाहेरून सोडलेला आरएनए शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला चेतवतो आणि दाह निर्माण करतो. मात्र त्याच्या एका घटकात किंचित रासायनिक बदल केला तर ही प्रतिक्रिया पुष्कळ कमी होते, असे कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले. ते काम निखळ प्रयोगशाळेतले होते. तरीही २०२१ मध्ये त्यांना लास्कर मिळाला तो रुग्णोपयोगी विभागात, कारण तोवर त्या शोधावर आधारलेली लस कोट्यवधी लोकांनी घेतली होती. हाच शोध दहा वर्षे आधी गौरवला गेला असता तर तो बहुधा मूलभूत विभागात बसला असता. तेव्हा विभाग ठरताना संशोधनाच्या स्वरूपाइतकाच गौरवाचा काळही महत्त्वाचा ठरतो.

असे असले तरी ही विभागणी मला उपयुक्त वाटते. नोबेलचा कल परंपरेने शोधाकडे असतो. शोधाचे औषधात किंवा तपासणीत रूपांतर करणाऱ्यांना तिथे जागा कमीच मिळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी शक्य करणारे जॉर्ज पापानिकोलाउ नोबेलविना राहिले. लास्करने त्यांचा १९५० मध्येच गौरव केला होता.

प्रश्न : मोठ्या शोधामागे अनेकांचे हात असतात. मग दोनतीन नावांचीच निवड न्याय्य कशी म्हणावी?

उत्तर : पूर्ण न्याय्य म्हणता येणार नाही. २०२४ चे उदाहरण बोलके आहे. लठ्ठपणा आणि मधुमेहावरील नव्या औषधांचा पाया असलेल्या जीएलपी-१ या संप्रेरकासाठी जोएल हॅबनर, स्वेतलाना मॉयसोव्ह आणि लॉटे बियेरे क्नुडसेन यांना लास्कर मिळाला. संप्रेरकाचे क्रियाशील रूप ओळखण्यात मॉयसोव्ह यांचा वाटा मोठा होता, तरीही पेटंटवर नाव येण्यासाठी त्यांना झगडावे लागले, आणि याच संप्रेरकावरील कामासाठीच्या २०२१ च्या कॅनडाच्या गेर्डनर पुरस्कारात हॅबनर, डॅनियल ड्रकर आणि येन्स होल्स्ट हे तिघेच होते. लास्करने मॉयसोव्ह यांना त्यांचे श्रेय दिले, पण ड्रकर आणि होल्स्ट या यादीबाहेर राहिले.

याहून जुने उदाहरण आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए असल्याचे दाखवणाऱ्या १९४४ च्या प्रयोगाचे आहे. ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी अशा तिघांचा तो प्रयोग. एव्हरींना १९४७ मध्ये लास्कर मिळाला, नोबेल मात्र त्यांना न मिळताच ते गेले. मॅकार्टींना लास्करचा विशेष पुरस्कार मिळाला तो १९९४ मध्ये, म्हणजे प्रयोगानंतर अर्ध्या शतकाने. मॅक्लिऑड तोवर हयात नव्हते.

प्रश्न : एखाद्या संस्थेला लास्कर मिळू शकतो का?

उत्तर : होय. मद्यपाश सोडवू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेला १९५१ मध्ये, देवी निर्मूलनाच्या कार्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेला १९७६ मध्ये, तर इबोलाच्या साथीतील कामासाठी मेदसँ साँ फ्राँतिएर या डॉक्टरांच्या संस्थेला २०१५ मध्ये लास्करने गौरवले आहे. वैद्यकशास्त्राचे नोबेल मात्र आजवर केवळ व्यक्तींनाच दिले गेले आहे आणि तेही एका वेळी जास्तीत जास्त तिघांना.